ओंदु, एरडू, मूरू

खडे बाजारात आमचं दुकान. कर्णे, खांब, वायर, दोन जनरेटर.
पाटीवर नाव दोन लिप्यांत होतं.
वर कुठली, खाली कुठली, यावरून
वडिलांनी तीनदा पाटी बदलली;
शेवटी नुसता भोंगा रंगवला.
अजून तोच आहे.

माइक तपासताना मी तिन्ही भाषांत मोजतो.
आधी कुठली, ते कोपऱ्यात कोण बसलंय
ते बघून ठरतं.

भाषणं मला ऐकू येत नाहीत.
ऐकू येते 'स'ची शिट्टी, 'प'चा धपका,
आणि पुढारी "शेवटचे दोन शब्द" म्हणाला
की अजून वीस मिनिटं आहेत, एवढं कळतं.

दिल्लीला गेलो ते निंगाप्पा सांबरेकरांमुळं.
वडगावचे विणकर. वय एकाहत्तर.
चाळीस वर्षं पहिल्या रांगेत बसून
एकदाही स्टेजवर न चढलेले.
या खेपेला समितीनं म्हटलं, तुम्ही बोला. सात मिनिटं.
"सात मिनिटं म्हणजे किती धोटे?" त्यांनी विचारलं.
गाडीत पाठ करत होते, मिरजेला एकदा, मनमाडला एकदा,
भोपाळला झोपेत.

जंतरमंतरच्या त्या रस्त्यावर अख्खा देश
या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत मावतो.
इकडं कंत्राटी शिक्षक, तिकडं एकटाच कोणी
गळ्यात पाटी अडकवून बारावं वर्ष मोजणारा.
सगळ्यांचे कर्णे एकमेकांच्या तोंडात.
हवालदार शेंगा सोलत होता, त्याला कुंदा दिला.
"कहाँ से आए हो?"
"वही तो बताने आए हैं," निंगाप्पा म्हणाले.

शेजारच्या मांडवातलं मशीन जळालं.
एक पोरगा आला, मोडकं हिंदी, "भैया, फ्यूज..."
मी वर न बघताच म्हणालो, "यावूरु?"
"अथणी," म्हणाला,
आणि वायरीच्या गुंडाळीवर असा बसला
जसं मावशीच्या घरी बसतात.
कृष्णेच्या पाण्यासाठी आलेले, पंचवीस जण.
गेल्या डिसेंबरात हलग्याजवळ
त्यांच्या मांडवाला कर्णे माझेच होते,
आणि समोरच्या मांडवालाही.
मी वायर पलीकडं ओढली. एक मशीन, दोन मांडव,
तासतास वाटून.

निंगाप्पा उभे राहिले. माइक वाकवला.
पाठ केलेलं तिसऱ्या वाक्यालाच गेलं.
मग म्हणाले,
"मी कुणासंगं भांडूलालो न्हाई.
आई जाऊन चार वर्सं झाली.
आई गेली, असं सरकारनं लिहून दिलंय.
कागद घरात हाय. मला वाचता येत न्हाई.
नातू वाचतोय. कन्नड शाळेत हाय त्यो.
चांगला वाचतोय."

एवढंच. दोन मिनिटं चाळीस सेकंद.
आमची माणसं गप्प, यात मागणी कुठं होती?
पहिली टाळी अथणीकडनं आली.
मग चिटणीस उठले, अकरा मुद्दे वाचले,
सहाव्या मुद्द्याला कर्णा केकाटला.
तेवढी चूक माझी.

आता पुन्हा डिसेंबर.
एकाच तारखेच्या दोन ऑर्डरी, रस्त्याच्या दोन बाजूंना.
दोन्ही घेतल्यात.

काल निंगाप्पा दुकानात आले.
"रेकॉर्ड केलतास काय रे, दिल्लीचं?"
नव्हतं केलं.
ते कर्ण्याच्या आत बघत राहिले, विहिरीत बघावं तसं.
"नातू विचारूलालाय, काय बोललास म्हणून."
मी मशीन चालू केलं. म्हटलं, बोला.
त्यांनी बोटानं टकटक केलं.
"ओंदु, एरडू, मूरू," म्हणाले,
शाळेतली पोरं म्हणतात त्या चालीत,
बाजारातली दोन डोकी वळली,
आणि माइक अलगद ठेवून गेले.

दिल्लीचं भाडं अजून यायचंय.